दोन यंत्रांची देवाणघेवाण आणि अड्ड्यावरचा आपला ऊस



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी आणि खतांचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेस विषय कारखान्याच्या आतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने यंत्रावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हाची गोष्ट. साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या आपल्या चार सेंट्रिफ्युगल मशीनपैकी दोन मशीनना त्या वर्षी नवे ड्राइव्ह बसवले होते. पहिले तीन दिवस ती पॅनेलवरून हाताने चालवली. चौथ्या दिवशी ती स्वयंचलित चालीवर टाकली आणि खोड्या सुरू झाल्या. टोपली जरा वेग घेते न घेते तोच मशीन बंद. पुन्हा चालू करावे, पुन्हा बंद. गव्हाणीचा वेग कमी करावा लागला, आणि अड्ड्यावर ट्रॅक्टर व बैलगाड्यांची रांग लागली.

रांगेतल्या एका वयस्कर सभासदांनी आम्हाला गाठले. "साहेब, काय झालंय आत?" आम्ही सवयीने सांगून टाकले, "काही नाही तात्या, वायर लूज आहे." तात्या म्हणाले, "सोळा महिने ऊस सांभाळला, आणि आता शेवटच्या फर्लांगात वायरपायी वाळवायचा व्हय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे कळले की वायर लूज नव्हतीच. तार ठणठणीत होती, दोन्ही यंत्रे नवी होती. जुळत नव्हता तो दोघांचा कागद. तात्यांना आपण माहीत नसताना उत्तर दिले, ही गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून हंगाम संपल्यावर इन्स्ट्रुमेंट विभागाच्या इंजिनिअरांकडे चार संध्याकाळ बसून आम्ही हा विषय शिकून घेतला. कृषी पदविकेच्या माणसाला जे समजले, ते तुम्हालाही समजेल. यंत्रे तुमच्या शेअरच्या पैशातून आलेली आहेत, तेव्हा समजून घेण्याचा हक्कही तुमचाच आहे.

शेवटचे यंत्र अडले की पहिले का थांबते?

पाटाच्या शेपटाला दार बंद केले तर पाणी कुठे फुटते? वरच्या अंगाला. कारखान्याचेही तसेच आहे. पॅनमध्ये शिजलेला साखरेचा दाट माल, ज्याला मॅसेक्विट म्हणतात, तो शेवटी सेंट्रिफ्युगल मशीनकडे येतो. मशीन बंद असेल तर हा माल साठवणाऱ्या टाक्या भरतात. टाक्या भरल्या की पॅन खाली करता येत नाही. पॅन अडले की पाक साठतो, पाक साठला की रस घ्यायला जागा उरत नाही, आणि अखेर गव्हाण हळू करावी लागते.

तोडलेला ऊस मात्र वाट पाहत नाही. तो तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही नेहमी सांगतो. त्यापुढे वजन घटते, आणि साखरेचे रूपांतर होऊन उताराही घटतो. वजन गेले तर ज्याचा ऊस त्याचे नुकसान. उतारा गेला तर सगळ्यांचेच, कारण एफ.आर.पी. चा दर उताऱ्यावर ठरतो. म्हणून आतल्या दोन यंत्रांचे न पटणे हा केवळ इंजिनिअरांचा प्रश्न राहत नाही.

ही दोन यंत्रे कोणती आणि कोणाचे काम काय?

पहिले यंत्र म्हणजे पी.एल.सी. हा प्रोग्रॅम लिहून शिकवता येणारा नियंत्रक. अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी हा प्रकार निघाला, आणि भिंतभर रिलेंच्या कपाटाची जागा एका डब्याने घेतली. पी.एल.सी. सगळी पाळी सांभाळतो. माल सोडण्याची झडप उघड, आता बंद कर, आता पाण्याचा फवारा मार, आता साखर काढ, असा क्रम तो ठरवतो.

दुसरे यंत्र गती-नियंत्रक. यालाच मोशन कंट्रोलर म्हणतात. मोटारीने किती वेगाने फिरायचे, कुठवर जायचे, किती वेळात थांबायचे, हे क्षणाक्षणाला पाहणारे हे यंत्र. पॅकिंगसारख्या कामात त्याचा वेगळा डबा असतो. आपल्या सेंट्रिफ्युगल मशीनवर तो मोटारीच्या ड्राइव्हच्या पोटातच आहे. म्हणून पुढे आम्ही त्याला नुसते 'ड्राइव्ह' म्हणू.

मशीनची एक पाळी साधारण तीन मिनिटांची. जाळीची टोपली मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्यांवर असताना माल आत सोडतात. मग वेग हजाराच्या पुढे नेतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखर आतल्या भिंतीला धरून राहते. नंतर ब्रेक लावून वेग पन्नास-साठ फेऱ्यांवर आणतात आणि एक पाते आत जाऊन साखर खरवडून खाली पाडते. या पात्याला कारखान्यात 'प्लाऊ' म्हणतात, म्हणजे आपला नांगरच. हा नांगर लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

कामाची वाटणी अशी असावी: 'एक हजार फेऱ्यांवर जा' एवढे पी.एल.सी. ने सांगायचे आणि तिथवर कसे जायचे ते ड्राइव्हने पाहायचे. कारभाऱ्याने 'आज खालची पट्टी भिजव' एवढे सांगावे. कोणत्या सरीला किती वेळ पाणी द्यायचे ते पाणी धरणाऱ्याला कळते. प्रत्येक सरीसाठी तो घरी विचारायला आला तर पाणी बांधाबाहेर जाईल. ड्राइव्ह आपला हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांत करत असतो, तर आपल्या मशीनवर दोघांची विचारपूस सेकंदाला दहा वेळा होते. जड टोपलीचा वेग बदलायला बरेच सेकंद लागतात, म्हणून एवढी विचारपूस तिला पुरते. भराभर चालणाऱ्या पॅकिंगच्या यंत्राला ती पुरणार नाही. किती वेळाने बोलायचे हे काम पाहून ठरवावे लागते.

रस्ता वेगळा, भाषा वेगळी

दोघांना जोडणारी तार इथरनेटची. ऑफिसातल्या संगणकांना जोडतात तीच जात. इथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत निघाली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणित नियम ठरले.

इथरनेट म्हणजे नुसता रस्ता. रस्त्यावर कोणती भाषा बोलायची हे निराळे ठरवावे लागते. कारखान्यांत इथरनेट/आयपी, प्रोफिनेट, इथरकॅट, मॉडबस अशा अनेक भाषा चालतात. एक यंत्र प्रोफिनेट बोलते आणि दुसऱ्याला फक्त मॉडबस येते, तर उत्तम तार टाकूनही दोघे मुके. मग मध्ये दुभाषा बसवावा लागतो, म्हणजे आणखी एक डबा आणि आणखी खर्च.

आपल्या मशीनवर मॉडबस आहे. पी.एल.सी. बनवणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक, मॉडिकॉन, हिने १९७९ मध्ये ही भाषा काढली. पुढे ती इथरनेटवर आली, तिला मॉडबस टी.सी.पी. म्हणतात. भाषा साधी आहे. एक विचारणारा, एक उत्तर देणारा. आपल्याकडे विचारणारा पी.एल.सी. आणि उत्तर देणारा ड्राइव्ह. विचारल्याशिवाय ड्राइव्ह आपण होऊन बोलत नाही.

पहिली पायरी : पत्ता

तारेवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता हवा. पी.एल.सी. ला १९२.१६८.१.१० आणि ड्राइव्हला १९२.१६८.१.२० असे आकडे देतात. पहिले तीन आकडे म्हणजे गाव, शेवटचा म्हणजे गट नंबर. गाव कुठे संपते आणि गट नंबर कुठे सुरू होतो हे सांगणारा आणखी एक आकडा दोघांना सारखा द्यावा लागतो, तो बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो.

गाव एक आणि गट नंबर निरनिराळे, हा नियम. एकच गट नंबर दोन खातेदारांच्या नावावर लागला तर तलाठ्याकडे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. दोन यंत्रांना एकच पत्ता गेला तर तसेच होते. निरोप कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. म्हणून प्रत्येक पत्ता एका वहीत लिहून ठेवावा, आणि ती वही पॅनेलच्या आत टांगलेली असावी.

तांब्याच्या तारेचा एक पल्ला १०० मीटरपेक्षा लांब असू नये. त्यापुढे काचतंतूची तार घ्यावी. मोटारीच्या जाड केबलला चिकटून ही तार नेऊ नये, कारण ड्राइव्हच्या केबलमधून विजेचा फार गोंगाट उठतो. आणि ऑफिसचे संगणक, कॅमेरे या रस्त्यावर सोडू नयेत. बाजाराची वर्दळ गव्हाणीच्या वाटेवर कशाला?

दुसरी पायरी : वहीतली ओळ

आता मुख्य गोष्ट. मॉडबसमध्ये ड्राइव्हकडे जणू एक वही असते. वहीत नंबर टाकलेल्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत एक आकडा. या ओळीला रजिस्टर म्हणतात. पी.एल.सी. काही ओळी वाचतो आणि काही ओळींत लिहितो. कोणत्या ओळीत काय, हे यंत्रांना आपोआप कळत नाही. माणसांनी बसून ठरवावे लागते. उदाहरणादाखल असा कागद पाहा.

पी.एल.सी. ने लिहायचे, ड्राइव्हने वाचायचे:
ओळ १ : हुकूम (चालू, थांब, दोष पुसा)
ओळ २ : हवा असलेला वेग, मिनिटाला फेरे
ओळ ३ : नाडीचा आकडा

ड्राइव्हने लिहायचे, पी.एल.सी. ने वाचायचे:
ओळ ११ : स्थिती (तयार, चालू, दोष, हुकूम पोचला)
ओळ १२ : प्रत्यक्ष वेग, मिनिटाला फेरे
ओळ १३ : मोटारीचा प्रवाह, अँपिअर
ओळ १४ : दोषाचा क्रमांक
ओळ १५ : परत आलेला नाडीचा आकडा
ओळ १६ आणि १७ : टोपलीचे एकूण फेरे, मोठा आकडा

प्रत्येक ओळीचा मालक एकच. एकाच ओळीत दोघांनी लिहू नये. एका सातबाऱ्यावर दोघे नांगर घालतात तेव्हा काय होते ते आपण जाणतो.

आमची मशीन बंद का पडत होती ते आता सांगतो. काही कंपन्या पहिल्या ओळीला १ म्हणतात, काही ० म्हणतात. मॉडबसच्या जुन्या पुस्तकी पद्धतीत पहिली ओळ ४०००१ अशी लिहितात, पण तारेवर तिचा नंबर ० जातो. ड्राइव्हवाल्यांची वही एकापासून होती. पी.एल.सी. चा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तोच नंबर जशाच्या तसा घातला, पण त्याचे यंत्र शून्यापासून मोजत होते. त्यामुळे मागितली ओळ १२, हाती आली ओळ १३. पी.एल.सी. वेग म्हणून जे वाचत होता तो मोटारीचा प्रवाह होता! टोपली वेग घेत होती, पण पी.एल.सी. ला वाटे वेग वाढतच नाही, काहीतरी बिघाड आहे. म्हणून तो मशीन थांबवत होता. आपल्या परीने तो शहाणपणाच करत होता.

दोन्ही कंपन्यांची माणसे आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होती. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून कोणी पाहिले नव्हते. एका ओळीच्या फरकाने दोन दिवस अड्डा तुंबला.

इथरनेट/आयपी सारख्या भाषेत पद्धत थोडी निराळी असते. तिथे आकड्यांचा ठराविक गठ्ठा ठराविक वेळाने दोन्हीकडून जात राहतो. हा गठ्ठा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या मापाचा सांगावा लागतो. एका बाजूने ३२ बाइट आणि दुसरीने ३० सांगितले तर जोडणीच नाकारली जाते. शिवाय एकाची जावक ती दुसऱ्याची आवक. हे उलटे लिहिले गेले तरी घोटाळा होतो. भाषा कोणतीही घ्या, कागद जुळवणे चुकत नाही.

तिसरी पायरी : एकक, दशांश आणि मोठे आकडे

ओळ जुळली म्हणजे काम झाले असे नाही. ओळीत फक्त पूर्ण आकडा मावतो, ० पासून ६५,५३५ पर्यंत. दशांश पाठवायचा तर दहाने गुणून पाठवतात. ६०.० फेरे पाठवायचे तर ६०० लिहायचे, आणि वाचणाऱ्याने दहाने भागायचे. पण हे दोघांनाही माहीत हवे. काट्यावर एकाने क्विंटल लिहिले आणि दुसऱ्याने टन वाचले तर बिलाचे काय होईल?

आमच्याकडे हेही घडले. ओळीची चूक दुरुस्त केल्यावर रिकाम्या टोपलीवर चाचणी घेतली. टोपली ६०० फेऱ्यांनी फिरत होती. ड्राइव्ह दशांश न धरता सरळ ६०० पाठवत होता. पी.एल.सी. ने मात्र दशांश धरला आणि पडद्यावर आकडा दाखवला ६०.०. साठ फेरे म्हणजे नांगर आत घालण्याचा वेग. पी.एल.सी. ने नांगराला परवानगी दिली.

नांगर हलला नाही. कारण टोपलीजवळ वेग पाहणारा एक वेगळा स्विच आहे. त्याची तार सरळ नांगराच्या झडपेपर्यंत गेलेली आहे, ती इथरनेटवर नाही. त्या स्विचला खरा वेग दिसत होता आणि त्याने वाट अडवून धरली होती. ऑपरेटर मशीनपासून दोन हातांवर उभा होता. सहाशे फेऱ्यांच्या टोपलीत पोलादी पाते घुसले असते तर काय झाले असते, ते इंजिनिअरांनी आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. तो ऑपरेटर एका सभासदाचाच मुलगा आहे.

मोठ्या आकड्यांची गंमत वेगळी. ६५,५३५ च्या पुढचा आकडा एका ओळीत मावत नाही, तो दोन ओळींत लिहितात. एक लाख लिहायचे तर वरच्या भागात १ आणि खालच्या भागात ३४,४६४. वरच्या भागातल्या एकाची किंमत ६५,५३६. बेरीज करून पाहा, बरोबर एक लाख भरते. पण काही कंपन्या वरचा भाग आधी लिहितात, काही खालचा. वाचणाऱ्याने उलटे धरले तर एक लाखाचे २२५ कोटी ८६ लाख ३२ हजार ७०५ होतात. असा आकडा लगेच डोळ्यात भरतो, म्हणून तो सापडतो. ६०० चे ६०.० झालेले मात्र डोळ्यात भरत नाही. संभाव्य दिसणारा चुकीचा आकडा हाच जास्त घातक.

चौथी पायरी : हुकूम आणि पोच

ऊसतोडीची चिठ्ठी देताना आपण पोच घेतो. यंत्रांतही तसेच ठेवावे. पी.एल.सी. 'चालू' म्हणतो. ड्राइव्ह 'हुकूम पोचला' असे कळवतो. ते पाहून पी.एल.सी. आपला हुकूम मागे घेतो, आणि मग ड्राइव्ह आपली पोच मागे घेतो. असा एक फेरा पूर्ण झाला की पुढचा हुकूम.

हे का? हुकूम वहीत तसाच लिहिलेला राहिला आणि वीज जाऊन परत आली, तर ड्राइव्ह जुना हुकूम नवा समजून मोटार फिरवू शकतो. त्या वेळी कोणी टोपलीत हात घालून जाळी तपासत असेल तर? म्हणून वीज किंवा जोडणी परत आली तरी मशीन आपण होऊन चालू होता कामा नये. माणसाने येऊन, पाहून, बटण दाबूनच ते चालू व्हावे.

पाचवी पायरी : नाडी

तार तुटली तर पी.एल.सी. ला कळते का? नेहमी कळतेच असे नाही. बऱ्याचदा शेवटी वाचलेला आकडा तसाच पडून राहतो. भिंतीवरचे बंद घड्याळ दहा वाजलेले दाखवते, तसा.

ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर बसलेला राखणदार अधूनमधून हाक देतो आणि पलीकडचा ओ देतो. ओ आली नाही की काहीतरी बिनसले. यंत्रात हेच करतात. पी.एल.सी. दर अर्ध्या सेकंदाला एका ओळीतला आकडा एकाने वाढवतो. ड्राइव्ह तोच आकडा दुसऱ्या ओळीत परत लिहितो. दोन सेकंदांत आकडा हलला नाही तर पी.एल.सी. ने समजावे की पलीकडे कोणी नाही. ड्राइव्हनेही आपल्या बाजूने हेच पाहावे.

आणि शांतता झाली तर काय करायचे, तेही आधी ठरलेले हवे. आपल्या मशीनवर ते असे ठरले आहे: मालाची झडप बंद, नांगर बाहेर आणि कुलूपबंद, ड्राइव्हने टोपली आपल्या ब्रेकने सावकाश थांबवायची, आणि घंटा वाजवायची. जुन्या आकड्यावर विसंबून एकही पाऊल पुढे टाकायचे नाही.

जे तारेवर सोडायचे नाही ते

वेगाचा स्विच, झाकणाचे कुलूप, आणीबाणीचे लाल बटण, यांचे काम साध्या देवाणघेवाणीवर सोडू नये. त्यांच्या तारा वेगळ्या आणि सरळ असाव्यात, किंवा सुरक्षिततेसाठी खास बनवलेली व तशी प्रमाणित यंत्रणा असावी. "एवढ्या तारा कशाला, सगळं इथरनेटवरून घेऊ, खर्च वाचेल," असे कोणी म्हणाले तर त्यांना आमच्या नांगराची हकिकत सांगावी. त्या दिवशी जुन्या पद्धतीच्या एका तारेनेच माणूस वाचवला.

सहावी पायरी : चाचणी

चाचणी बॉयलर पेटण्याआधी, माल नसताना घ्यावी. एका वेळी एकच ओळ तपासावी. एका टोकाला ओळखता येईल असा आकडा लिहावा, समजा १२३४, आणि दुसऱ्या टोकाला तोच दिसतो का पाहावे. वेगाचा आकडा पडद्यावर मानू नये. हातात धरायच्या वेगमापकाने टोपलीचा खरा वेग मोजावा आणि तीन निरनिराळ्या वेगांना तो जुळतो का पाहावे. मग मुद्दाम तार उपसून काढावी आणि मशीन ठरल्याप्रमाणे थांबते का पाहावे. वीज घालवून परत आणावी. प्रत्येक ओळीपुढे तपासणाऱ्याची सही घ्यावी.

आमच्याकडे ही चाचणी घाईत उरकली होती. शेवटी ती व्हायची तशी झाली तेव्हा तिला पाऊण दिवस लागला. जो पाऊण दिवस ऑक्टोबरात वाचवला, त्याचे नोव्हेंबरात दोन दिवस द्यावे लागले.

सभेत कोणते प्रश्न विचारावेत?

नव्या यंत्राचा विषय सभेपुढे येतो तेव्हा आपण किंमत विचारतो. ते योग्यच आहे. त्याबरोबर हे पाच प्रश्नही विचारावेत:

१. हे नवे यंत्र आपल्या आहे त्या पी.एल.सी. ची भाषा बोलते का, की दुभाष्याचा खर्च वेगळा आहे?
२. कोणत्या ओळीत काय, कोणते एकक, किती दशांश, हा एकच कागद दोन्ही पुरवठादारांच्या सह्यांनिशी तयार झाला आहे का?
३. जोडणी तुटली तर यंत्र काय करील, हे लेखी आहे का, आणि तार उपसून पाहिले आहे का?
४. माणसाच्या जिवाशी संबंध असलेली कुलपे वेगळ्या तारेवर किंवा खास सुरक्षा यंत्रणेवर आहेत का?
५. प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड कारखान्याच्या तिजोरीत आहेत का, की पुरवठादाराच्या माणसाच्या खिशात?

पाचवा प्रश्न हलका समजू नका. ऐन हंगामात पुरवठादाराचा माणूस दोनशे किलोमीटरवर असला आणि प्रोग्रॅम त्याच्याजवळच असला, तर यंत्र आपले असून नसल्यासारखे होते.

आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी मुले आय.टी.आय. आणि डिप्लोमा करून बाहेर जातात. त्यांना आम्ही आग्रहाने सांगतो की हे काम शिका. शाळेतले गणित आणि नीट लिहिलेली वही एवढ्यावर याची सुरुवात होते.

तात्या पुढे फेब्रुवारीत खोडव्याच्या नोंदीसाठी गट कार्यालयात आले तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, "तात्या, त्या दिवशी वायर लूज नव्हती. आम्हाला माहीत नव्हतं, तरी बोलून गेलो." मग वर लिहिलेला सगळा प्रकार त्यांना तेव्हा कळला होता तेवढा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता तो कागद झालाय का?" झाला आहे. दोन्ही मशीनच्या पॅनेलमध्ये तो टांगलेला आहे, आणि एक प्रत शेतकी ऑफिसातही ठेवली आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कामाच्या वेळेत अवश्य यावे. काही शंका राहिल्यास गट कार्यालयात लिहून द्याव्यात, इंजिनिअरांना विचारून उत्तर देऊ. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगू.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.